मागचा आवाज

नवऱ्याने स्पीकरचा चौथा खोका दोन्ही हातांनी उचलला, जरा हिंदकळवून पाहिला आणि समाधानाने मान डोलावली. "ह्यात माल आहे," तो दुकानदाराला म्हणाला.

बायको शेजारीच उभी होती. स्पीकर तिला हवे होते, तिच्या कामासाठी, तिच्या कमाईतून. पण नवऱ्याच्या नजरेखालून गेल्याशिवाय त्या घरात टाचणीसुद्धा येत नसे, मग स्पीकरची काय कथा. दुकानदाराने आल्या आल्या माणूस ओळखला होता. रंगीत दिवे, रिमोट, वर फुकट वायर, हे सगळं तो नवऱ्यालाच ऐकवत होता. बाईंकडे वळला तो एकदाच, रंग कुठला आवडेल ते विचारायला. काळा की करडा, ह्याचं पूर्ण स्वातंत्र्य तिला होतं.

ती एका संस्थेतर्फे अंध मुलांसाठी शाळेची पुस्तकं वाचून रेकॉर्ड करायची. घरीच, दार लावून, कॉम्प्युटरपुढे बसून. आधीचे दोन धडे संस्थेने परत पाठवले होते. वाचन उत्तम, पण मागे कसला तरी आवाज येतोय. तिने ते पुन्हा पुन्हा ऐकले. मॉनिटरच्या पोटातला चिमुकला स्पीकर पुढचाच आवाज धड ऐकवत नव्हता, तो मागचा काय ऐकवणार? हेडफोन कानाच्या डॉक्टरांनी बंद केलेले. आता तिसरा धडा तयार होता आणि तोही परत आला तर काम दुसऱ्या कुणाला द्यावं लागेल, असं संस्थेच्या बाईंनी अगदी गोड शब्दांत कळवलं होतं.

नवऱ्याचं निदान ठरलेलं: पंखा. वाचताना पंखा बंदच असतो हे तिने घसा कोरडा करून सांगितलं, तरी तो स्टुलावर चढला, पंख्याला तेल दिलं, आणि बायकोच्या हौसेपायी आपण काय काय करतो ते नात्यागोत्यात सगळीकडे पोचवलं.

तिने पेन ड्राइव्ह पुढे केला. "ह्यातला धडा लावा. बेडकाचा."

"गाणं लाव रे एखादं," नवरा दुकानदाराला म्हणाला. "धड्यात काय कळणार?"

"धडा लावा," ती म्हणाली.

दुकानदाराने चौथ्या खोक्यातले स्पीकर जोडून धडा लावला. दिवे निळे-जांभळे झाले, काउंटरची काच थरथरली आणि तिचा आवाज खोल आडातून यावा तसा घुमू लागला. नवऱ्याने छातीवर हात ठेवला. इथे आत जाणवतं बघ, म्हणाला.

"बेडूक आहे तो. वाघ नाही."

दुकानदार हसला. नवरा हसला नाही. तुला त्यातलं काय कळतं, असं तो तिला म्हणाला, आणि हे तो चारचौघांत म्हणाला. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण त्या आगीवर इतक्या वर्षांत किती झाकणं घालून झाली होती, त्यात आणखी एक. तिने दुकानदाराकडेच मोर्चा वळवला.

"तुम्ही स्वतः दिवसभर कुठले ऐकता?"

दुकानदाराने आता कुठे तिच्याकडे नीट पाहिलं. त्याच्या टेबलावर, बिलांच्या गठ्ठ्याआड, दोन लहान काळी खोकी होती. ना दिवे, ना रिमोट. "ते साधे आहेत हो वहिनी," तो जरा ओशाळून म्हणाला. "कुणी मागत नाही, म्हणून मांडत नाही. नवा जोड आहे आत."

किंमत ऐकून नवरा उसळला. ह्या काडेपेट्यांना तेवढेच पैसे? ह्यांचं वजन त्यांच्या निम्मंही नाही.

"लावा," ती म्हणाली.

आणि ती स्वतःच टेबलापलीकडे बसून वाचत असावी तसा आवाज आला. श्वास ऐकू आला. खुर्चीची कुरकुर ऐकू आली. *बेडकाला आपल्यासारखे बाहेर दिसणारे कान नसतात,* आवाज सांगत होता. त्या वाक्याच्या खालून दुसरं काहीतरी पुटपुटत होतं. घरघर नव्हती ती. मग ती पान उलटायला थांबली, तेव्हा भिंतीपलीकडून फोनवर बोलणारा एक पुरुषी आवाज उघड्यावर आला. हळू, पण शब्दन् शब्द सुटा.

"नाही गं ताई, हळू कशाला बोलू? दोन आलेत परत, तिसराही येऊ दे. मग बसेल आपोआप गप्प."

पाठोपाठ एक हसू. मग पुन्हा बेडूक.

नवऱ्याचा हात आवाजाच्या बटणाकडे गेला, पण तिने आपला तळवा आधीच त्यावर ठेवला होता. बेडूक पाण्यात अंडी घालून मोकळा झाला, तरी तिने तळवा उचलला नाही. दुकानदाराला अचानक एक वायर गुंडाळायची आठवण झाली, आणि ती गुंडाळून झाल्यावर त्याने ती सोडवून पुन्हा गुंडाळायला घेतली.

"अगं, ताईशी गंमत चालली होती," नवरा म्हणाला. तिने मान वळवली नाही. तेव्हा तो दुकानदाराला म्हणाला, की हेच द्या, बांधा, चांगले आहेत. आणि जन्मात पहिल्यांदा त्याने घासाघीस केली नाही.

दुकानदार खोका आणायला वळला.

"थांबा," ती त्याला म्हणाली. "ह्याहून स्वच्छ ऐकवणारे आहेत का?"