खोट्या दिव्यांची खरी वीज

रात्रंदिवस खपून शलाकानं कॉम्प्युटर गेममध्ये एक जत्रा उभारली होती. गेम विकत घेऊ पाहणाऱ्या कंपनीला ती आज ऑनलाइन दाखवायची होती. सुरुवात झाली आणि नेमकी वीज गेली. सगळा भार इन्व्हर्टरवर आला. तो टीं टीं करत ओरडू लागला.

सासूबाईंनी धावत जाऊन घरभरचे पंखे बंद केले. तरी ओरडणं थांबेना. मग त्यांचं लक्ष कॉम्प्युटरच्या पडद्याकडे गेलं.

"अगं, त्या जत्रेतल्या माळा तरी मालव!"

"आई, ते खोटे दिवे आहेत," शलाका हसली आणि एकदम थांबली. दिवे खोटे होते, पण त्यांचा उजेड आणि सावल्या रंगवायला कॉम्प्युटर खरीच वीज ओढत होता. तिनं भराभर माळा मालवल्या, एक कंदील तेवढा ठेवला. इन्व्हर्टर गप्प झाला.

"अंधारातली जत्रा! काय सुंदर दिसतेय," पलीकडचे साहेब म्हणाले. "अशीच ठेवा. गेम आम्ही घेतोय."

शलाकानं सासूबाईंना मिठीच मारली. त्यांनी मात्र खुर्ची पडद्याजवळ ओढली.

"आता मला आकाशपाळण्यात बसव बघू!"

पाळणा वर गेला, तशी त्यांनी सुनेचा दंड घट्ट धरला आणि पोरीसारखी किंकाळी फोडली.