खिळ्यांचे टायर

"खिळ्यांचे की साधे?" टायरवाल्या रोझेरने विचारलं. मुलीकडे न बघताच लेआंद्रने सांगून टाकलं, "खिळ्यांचे."

दुकानाच्या काउंटरवर हिवाळ्याचे दोन टायर आडवे ठेवले होते, एकाच्या रबरात बर्फावर घसरू नये म्हणून लोखंडी खिळे बसवलेले, दुसरा बिनखिळ्यांचा. नोएमी त्यांच्याकडे बघतही नव्हती. खिशातल्या फोनवर हात ठेवून ती उभी होती. बाहेर तिची छोटी लाल गाडी उन्हाळ्याच्या टायरांवर उभी होती. नोव्हेंबर अर्धा सरला होता. बर्फ अजून पडला नव्हता, पण जमीन दगडासारखी कडक झाली होती. आज दुपारी ती याच गाडीने वर उत्तरेला शिबुगामोला निघणार होती, ज्याच्याबरोबर ती राहायची त्या याणिककडे परत.

पानगळीच्या सुमारास ती बापाकडे आली तेव्हा तिचं मनगट सुजलेलं होतं. गाडीच्या दारात चेमटलं, म्हणाली. लेआंद्रने एकदाच खोदून विचारलं, तर पुढे कितीतरी दिवस ती त्याच्याशी जेवायला बसली नाही. मग तो गप्प राहिला. तिने जाऊ नये म्हणून त्याला जे जे सुचलं ते सगळं करून झालं होतं. आता हातात उरली होती ती एवढीच गोष्ट. तो रस्ता त्याला ठाऊक होता. सगळं जंगल, कोसच्या कोस ना घर ना पेट्रोलपंप. जाते तर जाऊ दे, पण तिथून निघावंसं वाटलं तर तिला निघता आलं पाहिजे, हवा कशीही असली तरी.

म्हणून तो अगदी पारखून घेत होता. रोझेर म्हणाला, चाक एक माप लहान घे, लोखंडी घे, टायर अरुंद बसेल आणि बर्फ कापत जाईल. लेआंद्रला ते पटलं. चकचकीत चाकं उन्हाळ्यापुरती ठीक, थंडीत खड्ड्यात आपटली की तडकतात. लोखंडाला पोचा आला तर हातोडीने ठोकून काम भागतं. त्याने टायरच्या खाचांत अंगठा घालून पाहिला, नखाने रबर दाबून पाहिलं, एक नाकारला, दुसरा मागवला. रोझेर हसून म्हणाला, बायको निवडतानासुद्धा तू इतका वेळ लावला नव्हतास.

तेवढ्यात फोन वाजला. नोएमी खिडकीपाशी गेली. तिचा आवाज अगदी खाली आला. हो, बाबांबरोबर आहे. नाही, मी नाही मागितले. हो, सांगते त्यांना.

ती परत आली ती थेट रोझेरकडे. टायर नको म्हटले तर चालेल का, तिने विचारलं. याणिकचं म्हणणं होतं, टायर हवेत कशाला. बर्फ पडायच्या आत गाडी शेडमध्ये ठेवून देऊ, एप्रिलमध्ये काढू. हिवाळ्यात तिला जिथे जायचं असेल तिथे तो स्वतः सोडेल आणि स्वतः घेऊन येईल.

"काळजी वाटते त्याला," नोएमी म्हणाली.

रोझेरने हात पुसायचं फडकं उचललं आणि तो मागे वर्कशॉपमध्ये निघून गेला.

लेआंद्रच्या तोंडाशी बरंच काही आलं होतं. ते बोललं की काय होतं, हे त्याने एकदा पाहिलं होतं. तो एवढंच म्हणाला की आपण बसवून तर घेऊ, त्याला सांगूच नकोस.

नोएमी हसली, पण ते हसू ओठांच्या पुढे गेलं नाही. "खिळ्यांचे आहेत, बाबा. डांबरी रस्त्यावर कडकड वाजतात. मी गल्लीच्या तोंडाशी असतानाच त्याला घरात ऐकू येईल."

मग साधे घेऊ, तो म्हणाला. तिने नकारार्थी मान हलवली. त्याच्या बाहीवर हात ठेवून, लहान मुलाची समजूत घालावी तशी ती म्हणाली, "तुझ्याकडे राहू देत ना. मला लागले की इथे येऊन बसवून घेईन."

"लागतील तेव्हा तू येशील कशी?"

तिने कोटाची चेन हनुवटीपर्यंत ओढली. बाहेर जाऊन ती गाडीजवळ उभी राहिली.

लेआंद्रने टायर चाकांवर चढवून घेतले आणि चारही चाकं आपल्या पिकअपमध्ये टाकली. घरी आल्यावर तिची बॅग, ब्लूबेरीच्या मुरंब्याच्या बाटल्या, जाड पांघरूण असं सगळं त्यानेच तिच्या गाडीत ठेवलं. गाडीची किल्ली दाराजवळच्या खुंटीवर होती. त्याने ती काढली आणि मुठीत धरून उभा राहिला. नोएमीने हात पुढे केला. तिचा हात तसाच राहिला. मग त्याने मूठ उघडली.

त्या आठवड्यातच बर्फ आला. शेजारचा गिस्लँ फावड्याने अंगण साफ करत होता. लेआंद्रच्या पिकअपमध्ये ताडपत्रीखाली चार लहान चाकं, जॅक आणि पाना असं सगळं दोरीने बांधून ठेवलेलं त्याला दिसलं. ही कोणाची चाकं घेऊन फिरतोस, त्याने विचारलं.

"वजनाला ठेवलीत," लेआंद्र म्हणाला. "गाडी मागून हलकी असली की बर्फावर घसरते."

"अरे, मग वाळूची पोती टाक की. सगळे तेच टाकतात."

लेआंद्रने दोरीची गाठ आवळून पाहिली. पिकअपची पेट्रोलची टाकी पाऊण भरलेली होती. तरी ती काठोकाठ भरून आणायला तो निघाला.