खणातलं काय गेलं

“सोन्याची साखळी कपाटात जागच्या जागी आहे. मग चोरी झाली कशाची?” चौकीतल्या पोलिसाने पेन खाली ठेवलं.

“माझं अंगुस्तान गेलं. शिवताना बोटात घालतात ते, पितळेचं. आणि ह्यांची घडीची लाकडी फूटपट्टी. दोन्ही माझ्या शिवणयंत्राच्या खणात होती,” बाई म्हणाली.

पोलिसाने तिच्या नवऱ्याकडे पाहिलं. नवरा म्हातारा सुतार होता आणि तो जमिनीकडे बघत होता. अंगुस्तानासाठी चौकीची पायरी चढलेली बाई पोलिसाने बहुधा पहिल्यांदाच पाहिली असेल, पण बिचारा हसला नाही. काल घर बघायला आलेल्या माणसाचा नंबर दलालाने लिहून दिला होता, तो त्याने फिरवून पाहिला. असा नंबरच नव्हता.

“म्हणजे नावही खोटंच. घर दाखवत होते तेव्हा तुम्ही कुठे होतात?”

“बागेत. दलालाने बाहेर बसवलं होतं.”

दलालाचा तो नियमच होता. घर दाखवायचं तर मालक घरात नकोत. दारातल्या चपला, भिंतीवरचे फोटो, दोरीवरचे कपडेसुद्धा नकोत. “तुम्ही समोर असलात की गिऱ्हाईक मोकळेपणाने बघत नाही, काकू,” असं तो साखर पेरून सांगायचा. बाईने आधी साफ नकार दिला होता. शेवटी अर्ध्या तासाच्या बोलीवर ती उठली.

कारण हे घर रिकामं राहिलेलं तिला चालत नसे. मुलगा घर सोडून गेला त्याला चौदा वर्षं झाली होती. तेव्हापासून दोघांपैकी एक जण कायम घरात. लग्न असो, मयत असो, एकानेच जायचं. आज चौकीत येतानाही शेजारणीला घरात बसवून दोघं आली होती. दाराला कुलूप बघून पोरगा आल्या पावली परत फिरला तर? शेजारीपाजारी मागून हसत. आशा वेडी असते हे तिलाही कळत होतं, पण कळून उपयोग काय?

आता सुताराचे गुडघे गेले होते. घर चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. महिनाअखेर त्याच्या बहिणीकडे तळमजल्यावर राहायला जायचं ठरलं होतं. “घर विकल्यावर तो येणार कुठे?” असं बाई रोज विचारायची आणि सुतार रोज गप्प बसायचा. तो काय बोलणार? पोरगा गेला तो त्याच्यामुळे. सुतारकाम शिकणार नाही म्हणाला म्हणून ह्याने अठरा वर्षांच्या पोराला मारलं होतं, त्याच फूटपट्टीने.

चौकीबाहेर आल्यावर सुतार म्हणाला, “गेली ते बरं झालं. मला ती डोळ्यांसमोर नकोच होती.”

“मग इतकी वर्षं टाकली का नाहीत?”

सुतार लंगडत घराच्या वाटेला लागला.

चार मजले चढायला त्याला अर्धा तास लागला. बाई कधीच वर पोचून शिवणयंत्रापाशी बसली होती.

“आता कोणीही येवो, मी घरातून हलणार नाही,” ती म्हणाली. “तुमच्या त्या दलालाला सांगून ठेवा.”

“अगं, एका अंगुस्तानाचं काय घेऊन बसलीस? नवीन आणू.”

“नवीन बोटाला बसत नाही.”

तिने सवयीने यंत्राखालचा खण ओढला. सवयीप्रमाणे तो अडला. खण सुताराने स्वतः केलेला, पहिल्याच वर्षी फुगलेला, आणि सगळ्या गावाच्या दारंखिडक्या नीट करणाऱ्या ह्या माणसाने तो कधी नीट केला नव्हता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. उजवा कोपरा वर उचलायचा, खालून गुडघ्याने ढोसायचं आणि मग ओढायचं, तर तो उघडे.

तिने कोपरा उचलला आणि ती तशीच थांबली.

“अहो, हा चोराने उघडला कसा?”

“म्हणजे?”

“कुठे ओरखडा नाही, काही मोडलं नाही. उघडला आणि नीट बंदही केला. तुमच्या बहिणीला महिनाभर राहून हा उघडता आला नव्हता. हा खण उघडता येणारी माणसं जगात तीन आहेत.”

सुतार पलंगाच्या कडेला टेकला. त्याने विचारलं, “त्यानं ती पट्टी नेली? ती?” आणि तो रडायला लागला.

बाईला मात्र हसू आवरेना. आला होता! समोर यायला लाजला असेल, म्हणून गिऱ्हाईक होऊन आला. पण राग धरलेला माणूस आईबापाच्या असल्या वस्तू जवळ ठेवायला नेत नाही. आज ना उद्या तो पुन्हा येणार. चौदा वर्षांत तिला इतकं हलकं कधी वाटलं नव्हतं. तिने दलालाला फोन लावला.

“कालचा तो माणूस आमचा मुलगा होता,” ती एका दमात म्हणाली. “आमच्याबद्दल काही विचारलं का त्याने?”

दलाल चपापला.

“विचारलं ना, काकू. पहिलं तेच विचारलं, इथली माणसं कुठे असतात म्हणून. मग आतल्या खोलीत एकटाच बसून राहिला. मी फोनवर होतो, लक्ष दिलं नाही. जाताना म्हणाला, आज सकाळच्याच विमानाने परदेशी परत जाणार, आता इकडे यायचं काही कारण उरलं नाही.”

“असं का म्हणाला? तुम्ही त्याला सांगितलंत तरी काय?”

“घरात म्हातारी माणसं आहेत म्हटलं की गिऱ्हाईक बिचकतं, काकू. ताबा कधी मिळेल, मिळेल की नाही, हजार शंका. म्हणून मी सगळ्यांना एकच सांगतो,” दलालाचा आवाज खाली गेला, “की मालक-मालकीण दोघंही मागच्या वर्षी वारले.”