पाच नंबरचं मूळ

"पाच नंबरच्या टर्मिनलवर खरं काही दिसता कामा नये," भाऊराव म्हणाले. "जमेल?"

पद्मजाने मान हलवली. अंधेरीच्या त्या ऑफिसातला संगणक माहुलच्या एका रसायन कारखान्याशी टेलिफोनच्या तारेने जोडलेला होता. टाक्यांजवळच्या वायूचे आकडे मिनिटामिनिटाला इथे यायचे आणि इथून कारखान्यातल्या टर्मिनलांवर जायचे. भोपाळच्या वायुगळतीला दोन वर्षं होऊन गेली होती. आज कारखान्यात तपासणीला पाहुणे येणार होते.

"त्यांनी भलतंसलतं दाबलं तर आपली वाट लागेल. त्यांना शनिवारचे आकडे दाखव. तारीख तेवढी आजची."

"फक्त पाहुण्यांनाच ना, सर?"

"मग आणखी कोणाला?"

त्या संगणकावरच्या युनिक्स प्रणालीत सगळ्या फायली एकाच मुळापासून फुटतात. पद्मजाने एक वेगळी डिरेक्टरी, म्हणजे फायलींचा कप्पा, केली, लागणारे प्रोग्राम आणि शनिवारच्या फायली तिच्यात उतरवल्या आणि पाच नंबरला तेच मूळ म्हणून नेमून दिलं. आता तिथे बसणाऱ्यासाठी त्याच्या वर काहीच नव्हतं. वर जायची आज्ञा दिली तरी तो तिथेच राहणार होता.

हे ती पहिल्यांदाच करत होती. एका फटक्यात चाललं, तेव्हा तिला बरं वाटलं.

अकराला पाच नंबर सुरू झाला. साडेअकरापासून पाहुणा तेच आकडे पुन्हापुन्हा मागतोय, हे तिला आपल्या पडद्यावर दिसू लागलं. मग तो त्या मुळाच्या वर जायला बघू लागला. एकदा, दोनदा, दहादा.

"सर, त्याला संशय आलाय."

"येऊ दे. सापडणार काय?"

तिने खरे आकडे उघडले. तिसऱ्या टाकीजवळचा आकडा सकाळच्या चौपट झाला होता.

"सर, हे बघा! कळवायला हवं."

भाऊरावांनी बघितलंच नाही. "कंट्रोल रूममध्ये माणसं बसलीत ना? त्यांना दिसतंय सगळं. तू तुझं काम कर."

ते बॅग उचलून बाहेर पडले. थोड्या वेळाने पाच नंबरवरची धडपडही थांबली.

पद्मजाने न राहवून फोनकडे हात नेला, तोच तो वाजला.

"मी सीताराम, माहुलच्या कंट्रोल रूममधून," पलीकडचा माणूस खोकत म्हणाला. "मॅडम, लोकांचे डोळे चुरचुरायला लागले म्हणून मी भोंगा वाजवून सगळ्यांना बाहेर काढलं होतं. पण सकाळी आमचा जुना टर्मिनल काढून इथे हा पाच नंबर आणून बसवलाय ना, त्याच्यावर सगळं झकास दिसतंय. म्हणून आत्ताच सगळ्यांना परत आत पाठवलं. बरोबर केलं ना?"