मधली रिक्षा

"मग पाठवा एखादा निरोप," नगरपालिकेचे साहेब म्हणाले.

कॉलेजच्या आवारात मांडलेल्या टेबलावरचा लॅपटॉप रामप्रसादने स्वतःकडे वळवला. परळीतल्या रिक्षांत त्याने डबे बसवले होते. मोबाइलला रेंज नसली, तरी निरोप या रिक्षातून त्या रिक्षात उड्या मारत जायचा. सगळ्यांना सांगत सुटणं हे गावाचं काम. रामप्रसादची यंत्रणा वाटेवरची नेमकी रिक्षा निवडायची आणि चहाला थांबलेली टाळायची. आजच्या कार्यक्रमात साहेबांना पटलं, तर गावभर डबे लागणार होते.

त्याला धास्ती वेगळीच होती. त्याचा बाप सटवा मेंढरं शेजाऱ्यावर सोडून धारूरहून कार्यक्रम बघायला निघाला होता. घोंगड्यासकट. घोंगड्याचा वास सटवाच्या आधी पोचायचा, तोही कुठल्याच यंत्रणेशिवाय. साहेबांसमोर फोन कसा करायचा? म्हणून निरोप घ्यायला बसस्टँडवर उभ्या केलेल्या वर्गातल्या वर्षाराणीला त्याने चाचणीचा निरोप म्हणून हेच टाइप केलं : 'घोंगडंवाला म्हातारा उतरला की कार्यक्रम रद्द झाला म्हणून सांग. इकडं आणू नको. माझी लाज जाईल.'

पडद्यावर तीन रिक्षांचे ठिपके ओळीने हिरवे झाले. मग अक्षरं उमटली : 'पोचला.'

"काय पाठवलंत?"

"नमस्कार, सर."

साहेबांनी मान डोलावली. तेवढ्यात कॉलेजच्या फाटकातून एक रिक्षा आत आली. पडद्यावरच्या मधल्या ठिपक्याशी तिचाच नंबर होता. रामप्रसादला तेव्हा आठवलं. साहेबांना ऐकवता यावं म्हणून सकाळी त्यानेच सगळ्या डब्यांचे आवाज चालू केले होते. निरोप ज्या रिक्षातून जाईल, तिथे तो मोठ्याने वाचला जात होता.

रिक्षातून आधी घोंगडं उतरलं, मग सटवा. तो लवकरच्या गाडीने आला होता. रिक्षावाला नाथा हँडलकडे बघत बसला.

साहेब उत्साहाने पुढे झाले. "बाबा, डबा काही बोलला का?"

"बोलला की. लई सपष्ट."

"'नमस्कार' म्हणाला?"

सटवाने रामप्रसादकडे पाहिलं. घोंगडं खांद्यावरून काढून पाठीमागे धरलं.

"व्हय. नमस्कारच. दोनदा म्हनला."

"हे सगळं या पोरानं केलंय. ओळखता का याला?"

"न्हाई, सायेब. पर ज्याचं कुनाचं आसंल, त्याला आज लई बरं वाटत आसंल."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. रामप्रसादनेही वाजवल्या.