निशीची नोकरी

"बघ की नीट. खाली असंल," शालूबाई म्हणाल्या.

अदितीनं मोबाईलवर पुन्हा बोट सरकवलं. खाली काहीच नव्हतं. वर निशिगंधाचा फोटो, शेजारी तिचं नाव, आणि त्याखाली जिथं कंपनी, हुद्दा, कधीपासून कामाला आहे हे सगळं दिसायचं, तिथं कोरी जागा.

"आत्ती, तिनं झाकून टाकलंय सगळं. आधीच्या नोकऱ्यापण दिसत न्हाईत."

दोघी राजारामपुरीत, अदितीच्या ऑफिसखालच्या चहाच्या गाड्याजवळ बाकड्यावर बसल्या होत्या. अदिती शालूबाईंच्या भावाची मुलगी. बी.पी.च्या गोळ्या आणायच्या म्हणून शालूबाई मुरगूडहून एस.टी.नं कोल्हापूरला यायच्या, गोळ्या घ्यायच्या आणि जेवणाच्या सुट्टीत भाचीला खाली बोलवायच्या. गोळ्या मुरगुडातही मिळत होत्या. ते अजून घरात कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

लेकीनं, निशिगंधानं, स्वतःच्या मनानं लग्न केलं, तेव्हापासून घरात तिचं नाव काढायची सोय नव्हती. तिनं फोन नंबर बदलला होता. पण नोकरीवाल्या लोकांच्या त्या साईटवर ती होती. पुण्यात कुठल्या कंपनीत आहे, काय काम करते, ते शालूबाईंना अदितीच्या मोबाईलवर तिथं कळायचं. तिला वरची जागा मिळाल्याचं कळलं, त्या दिवशी त्यांना राहवलं नाही. डेअरीत दूध घालताना शेजारणीला कंपनीच्या नावासकट सांगून बसल्या. ते फिरत फिरत थोरल्या मुलाच्या, अमरसिंहच्या कानावर गेलं. तो गाडी काढून पुण्याला गेला आणि कंपनीच्या फाटकात बहिणीच्या नावानं ओरडत उभा राहिला. चारचौघांत.

निशिगंधानं ती नोकरी सोडली, एवढं अदितीच्या कानावर आलं होतं. पुढं कुठं लागली, ते आज बघायचं होतं.

"गाव तरी लिहिलंय का?"

"भारत लिहिलंय."

"भारतात कुठं?"

"एवढंच, आत्ती. नुसतं भारत."

शालूबाई रस्त्याकडं बघत राहिल्या. हातातल्या चहावर साय धरली.

अदितीला ते बघवेना. "मी काढते शोधून. तिच्याबरोबर कॉलेजला होती ती संयोगिता माझ्या ओळखीची हाय. तिला ठाऊक असणार. आत्ता विचारलं तर आत्ता सांगंल. विचारू?"

शालूबाईंनी तिचं मनगट घट्ट धरलं. विचार, असं म्हणायला तोंड उघडलंच होतं, तेवढ्यात पिशवीतला त्यांचा फोन वाजला. अमरसिंह होता.

"आई, कुठं हायस?" आवाज एवढा मोठा, की अदितीलाही सगळं ऐकू येत होतं.

"दवाखान्याच्या हितं. निघालेच."

"अदिती भेटली असंल."

शालूबाईंनी अदितीकडं बघितलं. "भेटली. उभ्या उभ्या."

"मग? निशीचं काय कळलं का? कुठं हाय आता?" तो जरा थांबला. आवाज खाली आला. "मला सांगितलंस तर काय बिघडतंय? मी काय खातोय व्हय तिला?"

"मला ठावं न्हाय."

"खरं?"

"खरंच ठावं न्हाय, बाळा."

त्यानं फोन ठेवला. शालूबाई फोन हातात धरून तशाच बसल्या. एरवी निशीबद्दल अमरसिंहशी खोटं बोलायची वेळ आली की त्यांची जीभ अडखळायची, कानशिलं तापायची, आणि त्याला ते फोनवरसुद्धा कळायचं. आज तसं काहीच झालं नाही. त्यानं विचारलं, आणि सांगण्यासारखं त्यांच्यापाशी खरंच काही नव्हतं.

शेजारी अदिती संयोगिताला मेसेज लिहीत होती.

"नको," शालूबाई म्हणाल्या.

"अगं आत्ती, तुझा जीव तुटतोय, ते मला दिसत न्हाय व्हय?"

"तुटू दे. माझ्या पोटात काय ऱ्हात न्हाय, पोरी. मला कळलं म्हणजे त्याला कळलं." त्यांनी साय बाजूला सारून चहा एका घोटात संपवला. "आन् उद्या तुला कुणाकडनं कळलं, तरी मला सांगू नगंस. मी इचारंन. रडंन बी. तरी सांगू नगंस."

अदितीनं लिहिलेलं एकेक अक्षर पुसून टाकलं. गाड्यावरची गर्दी पांगली, ऑफिसातल्या बायका जिन्यानं वर जायला लागल्या. अदितीही उठली. मोबाईल पर्समध्ये टाकणार, तोच शालूबाईंनी हात पुढं केला.

"दे जरा."

अदितीनं पुन्हा ते पान उघडून दिलं. फोटो नवा होता. केस खांद्यापर्यंत कापलेले, डोळ्यांवर चष्मा. मागं नुसती भिंत.

"ह्यो फोटो बी झाकता येतोय का गं?"

"येतोय की. तिनं ठेवलाय."

शालूबाईंनी पदरानं मोबाईलची काच पुसली आणि तो डोळ्यांजवळ नेला.

"गाल भरल्यात जरा," त्या म्हणाल्या. "जेवती हाय नीट."