पॅकेज कोणाला लागतं

आंबा बागायतदारांच्या वेबसाइटचा कोड एकत्र बांधणारं आमचं टूल शेकडो अनोळखी लोकांनी लिहिलेल्या पॅकेजेसवर, म्हणजे कोडच्या तयार तुकड्यांवर चालतं. त्यातल्या एका छोट्या पॅकेजमध्ये सुरक्षेची त्रुटी असल्याचा इशारा सकाळी आला.

हे पॅकेज कोणाला लागतं, असं मी टूलला विचारलं. उत्तरात एकच नाव आलं: ऋत्विक.

ऋत्विक आमचा सहकारी. तो अलोऱ्यातून, घरूनच काम करतो. तेव्हा तो फोनच्या स्पीकरवर होता; मी उत्तर मोठ्याने वाचून दाखवलं.

“मग काढा मला,” तो म्हणाला. “पगार तेवढा चालू ठेवा.”

“तुझ्यात त्रुटी आहे, हे सांगायला टूल कशाला हवं?” शेजारी बसलेली वेदिका म्हणाली.

मी पॅकेज काढलं. ऋत्विक बोलता बोलता वाक्याच्या मध्येच थांबला. मी ते परत टाकलं, तेव्हा वाक्य तिथूनच पुढे सुरू झालं. मध्ये खंड पडल्याचं त्याला कळलंही नव्हतं.

“पुरे,” वेदिका हळूच म्हणाली.

पण एका निरीक्षणावरून काहीच सिद्ध होत नाही. नेटवर्क गेलं असेल. मी ते पुन्हा काढलं आणि आवाज थांबला. परत टाकायला गेले, तर लेखकाने हे पॅकेज कायमचं मागे घेतल्याचा संदेश आला. टूलमध्ये आता एकही त्रुटी उरली नव्हती.

“ऋत्विक? अरे, बोल की.”

कॉल चालूच होता. पलीकडे बशी वाजली. मग त्याच्या आईचा आवाज आला, स्वतःशीच बोलल्यासारखा.

“हा दुसरा कप कोणासाठी ओतलाय मी?”